खोली ऐकू येते

क्लाइव्हच्या स्टुडिओत अंड्यांचे एकशे चाळीस ट्रे भिंतींना चिकटवलेले होते. रोशेलने ते मोजले होते, कारण तिथे बसून मोजण्याच्या लायकीचं दुसरं काही नव्हतं. ट्रेंना जांभळा रंग, मधेमधे इंचभर जाडीच्या काळ्या फोमचे चौकोन आणि छताला जांभळ्याच दिव्यांची माळ. क्लाइव्ह तिचा मावसभाऊ. दोन वर्षं जहाजावर केबली गुंडाळून परत आला आणि मालवणात उतरल्या उतरल्या साउंड इंजिनिअर झाला. स्टुडिओ म्हणजे खरं तर मावशीचा वरचा हॉल. शनिवारी तिथे शेजारणी रोझरीच्या प्रार्थनेला जमत, तेव्हा साउंड इंजिनिअर माईक उचलून कोकमाच्या बरण्यांशेजारी ठेवत असे.

रोशेलचं फिजिक्समध्ये एम.एस्सी. झालं होतं. पुण्यातली एक कंपनी मुलांसाठी विज्ञानाची बोलकी पुस्तकं काढणार होती, आणि त्यांना वाचायला माणूस हवा होता. हे काम तिला मनापासून हवं होतं. नाही मिळालं तर जूनपासून कुडाळच्या क्लासमध्ये बारावीच्या पोरांकडून सूत्रं घोटून घेणं नशिबी होतंच. तिने पाठवलेल्या पहिल्या नमुन्याला एका ओळीचं उत्तर आलं होतं: 'आवाज चांगला आहे, पण खोली ऐकू येते. रविवारी पाचपर्यंत पुन्हा पाठवा.'

"खोली आयकाक येता?" क्लाइव्ह म्हणाला. "तेंका कान तरी आसत काय?"

"टाळी वाजव."

त्याने वाजवली. हॉलच्या चार कोपऱ्यांतून ती चारदा परत आली.

"तुझो फोम फक्त 'स' आनि 'श' खाता," रोशेल म्हणाली. "बाकी सगळो आवाज भितीर आपटान परत माईकात येता."

"आनि ट्रे?"

"ट्रे अंड्यांसाठी असतत, क्लाइव्ह."

पडदे तिनेच करायला घेतले. भिंतीला काही चिकटवायचं नाही, कारण हॉल मावशीचा. म्हणून जमिनीवर उभे राहणारे, चाकांवर ढकलता येणारे तीन पडदे. सहा फूट उंच, अडीच फूट रुंद, चार इंच जाड. आत भरायला कुडाळच्या कारखान्यांत बॉयलरभोवती गुंडाळतात ती दगडी लोकर. किती घट्ट भरायची याचा तिचा हिशोब होता, म्हणून ती तिने स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करून घेतली. वरच्या कापडाची परीक्षा सोपी होती. कापड तोंडाशी धरून फुंकर मारायची. श्वास आरपार गेला तर आवाजही आत शिरेल. बाजारात तिने अकरा कापडांवर फुंकर मारली. शेवटी दुकानदाराने हात जोडले. "बाय, दूध गाळूक होया काय?"

चौकटी गंगाराम सुताराने केल्या. साठीचा माणूस, हात सोन्यासारखा, पण त्याला प्रत्येक वस्तूवर सनमायका हवा.

"कापाड लावलंस तर गोदडी उभी केल्यासारखी दिसतली," तो म्हणाला. "सनमायका मारतंय. लोकांनी बघितल्यार बरा वाटाक होया."

"हे बघूचे नाय, गंगारामकाका. सनमायक्यावरसून आवाज परत येता."

"मगे तिनी बाजूंक पडदे, आनि डोक्यावर उघडा कशाक ठेवलंस? थंयसून आवाज येवचो नाय?"

रोशेलने नुसती मोजपट्टी त्याच्या हातात ठेवली. सांगून कळणार असेल त्यालाच सांगावं, असा तिचा नियम होता, आणि त्या नियमात बसणारं माणूस मालवण ते कुडाळ तिला अजून भेटलं नव्हतं.

रविवारी सकाळी पडदे वर चढले. क्लाइव्हने ते माईकमागे ओळीने लावले, म्हणजे रीलमध्ये दिसतील. रोशेलने ते ढकलून एक स्वतःच्या पाठीमागे आणि दोन खांद्यांच्या बाजूंना आणले. माईक जिकडे तोंड करून ऐकतो तिथे ते हवेत, एवढं साउंड इंजिनिअरला माहीत नव्हतं. तिने टाळी वाजवली. टाळी जागच्या जागी मेली.

"आयला!" क्लाइव्ह म्हणाला, आणि तिला फार बरं वाटलं.

मजकूर भरती-ओहोटीवरचा होता, जेमतेम दोन पानं. ती घडाघडा वाचून गेली आणि क्लाइव्हने स्पीकरवर लावलं. खोली खरोखरच नाहीशी झाली होती. उरला होता फक्त आवाज.

"एक नंबर! टीव्हीवरची न्यूजवाली वाटतंस."

गंगाराम एका पडद्याचं करकरणारं चाक बदलायला आला होता. खाली बसल्या बसल्याच त्याने मान वर केली. "कोणाक झाडतंस गो?"

रोशेलने हेडफोन चढवले आणि पुन्हा ऐकलं. मग आणखी एकदा. 'पृथ्वीच्या दोन्ही बाजूंना पाणी फुगतं' हे ती अशा सुरात म्हणत होती, की एवढंसुद्धा ठाऊक नसणाऱ्या पोराने कान धरून वर्गाबाहेर उभं राहावं. क्लाइव्हशी अंड्यांच्या ट्रेबद्दल बोलताना हाच सूर होता. दुकानदाराशी बोलताना हाच. आजवर घुमणाऱ्या खोलीने तो झाकून घेतला होता; पडद्यांनी खोली खाल्ली आणि तो उघडा पडला.

तिने हसत हसत वाचून पाहिलं. वाढदिवसाला केक भरवणाऱ्या बाईसारखं झालं. हळू वाचलं, तर वाटलं, मूल बहिरं आहे. तीन वाजेपर्यंत चौदा वेळा झालं. कुडाळचा क्लास तिला आता त्याच्या बाकांसकट दिसायला लागला होता. क्लाइव्ह खुर्चीत पेंगत होता.

गंगारामचं चाक कधीच बसलं होतं, पण तो हलला नव्हता. "एक इचारू? चंद्र एकाच बाजूक आसा. मगे पाणी दोनी बाजूंक कशाक फुगता?"

"पृथ्वी फिरते ना, म्हणून केंद्रोत्सारी बल," ती सवयीने पुस्तकी भाषेत शिरली. "ते पाण्याला बाहेर ढकलतं."

"फिरता ती सगळीकडेच फिरता. मगे सगळीकडे सारख्याच फुगाक होया."

हे उत्तर तिने अकरावीत लिहिलं होतं, पैकीच्या पैकी गुण घेतले होते, आणि ते चूक होतं. आज चौदा वेळा तिने ही दोन पानं वाचली होती आणि तिच्या ते लक्षातही आलं नव्हतं. ज्याला ओळंबा आणि रंधा यापलीकडचं काही विचारण्याची तिला गरज वाटली नव्हती, त्याला पहिल्या ऐकण्यातच खटकलं होतं.

तिने कागद उचलला आणि तो परिच्छेद एकेका शब्दावर बोट ठेवत वाचला. मग म्हणाली, "क्लाइव्ह, ऊठ. लाव."

या वेळी ती कुणाला शिकवत नव्हती. वाक्यात नक्की काय आहे ते शोधत होती. 'चंद्र जवळच्या पाण्याला जास्त ओढतो. पृथ्वीला त्याहून थोडं कमी. आणि पलीकडच्या पाण्याला,' इथे ती थांबली, कारण आत्ता कुठे तिला दिसत होतं, 'सगळ्यांत कमी.'

वाचून झाल्यावर गंगाराम म्हणाला, "म्हंजे पलीकडचा पाणी ढकलूक नाय कोणी. पृथ्वी फुडे वडली गेली आनि तां मागे रवला."

"हां," रोशेल म्हणाली. "मागे रवला." याहून नेमकं तिला सांगता आलं नसतं, आणि ही गोष्ट तिला मुळीच आवडली नाही.

पाचला वीस मिनिटं होती. क्लाइव्ह कॉम्प्युटरवरची आवाजाची रेघ पुढेमागे सरकवत होता. "मधी अडाकलंस गो तू. बग, ह्या हय. तितक्या कापतंय."

"हात लावशीत तर बघ."

"अगो, तेंका वाटतला तुका वाचाक येना नाय."

"वाटांदे," ती म्हणाली, आणि त्याला खुर्चीवरून उठवून फाईल स्वतःच पाठवली, थांबलेल्या त्या जागेसकट.