तळाची चव

माझे वडील लोपू जमीन कधी नजरेआड होऊ देत नसत. पोर्तुगालच्या लागुश बंदरातले सगळेच खलाशी तसे. उघड्या समुद्राला ते 'ते पाणी' म्हणत, जणू नाव घेतलं तर ते ऐकेल. तिकडे राक्षस आहेत, पाणी उकळतं, असं गुत्त्यात कोणी सांगू लागलं की बाबा हसायचे. "राक्षसाला भाला तरी मारता येतो. खाली तळच नसला तर काय मारशील?"

तळावर त्यांची सारी भिस्त. दोरीला शिशाचा गोळा, गोळ्याच्या बुडाला बोकडाची चरबी. गोळा पाण्यात सोडला की तळाची वाळू किंवा चिखल चरबीला चिकटून वर येई. बाकीचे तांडेल तो बोटांनी चोळून बघत. बाबा चाटत, आणि जहाज कुठे आहे ते सांगत. आई म्हणायची, "माझं कालवण कधी एवढं मन लावून चाखलं नाही!"

माझं तोमेशी लग्न झालं त्याच वर्षी बाबा आणि तो एका जहाजावर दक्षिणेला गेले, आफ्रिकेतल्या मूरांच्या ओसाड किनाऱ्याकडे, सीलची कातडी आणायला. बाबा तांडेल, तोमे दोरीवर. जाताना वारा पाठीशी होता. परतताना तोच वारा तोंडावर आला, तो हटेचना. किनाऱ्याला धरून जहाज पुढे सरकेना, पिण्याचं पाणी संपत आलं. मदैरा बेटावरच्या लोकांकडून तोमेने ऐकलं होतं, की जमिनीकडे पाठ करून पश्चिमेला उघड्या समुद्रात शिरायचं. मग खूप उत्तरेला गेलं की घराकडे नेणारा वारा मिळतो.

"मामा, वळवू या."

"माझ्या लेकीला विधवा करायला निघालास?"

"इथं राहिलो तरी ती विधवाच की! वर बापही जाईल तिचा."

बाबांनी एकदा किनाऱ्याकडे पाहिलं. मग त्यांनीच सुकाणू वळवलं.

जमीन दिसेनाशी झाली तशी खलाशी बिथरले. कोणी रडू लागला, कोणी जहाज मागे फिरवा म्हणून सुकाणूला हात घातला. "तांडेल, तळ आहे का? तळ सांगा!"

बाबांनी गोळा सोडला. तोमेच्या हातातून सगळी दोरी सरकत गेली, शेवटची गाठ मुठीत आली, आणि गोळा खाली नुसता लोंबकळत राहिला. वर ओढला तर चरबी लोण्यासारखी स्वच्छ. बाबांनी सगळ्यांकडे पाठ करून ती चाटली, डोळे मिटले आणि म्हणाले, "बारीक वाळू. शिंपल्यांचा चुरा. जाऊ द्या पुढे."

लोक शांत झाले. मग रोज सकाळी तेच. कधी वाळू, कधी चिखल.

"एवढ्या आत दोरी पुरते, तांडेल?" एकाने विचारलं.

"तुझी अक्कल पुरत नाही म्हणून माझी दोरीही पुरू नये होय?"

सगळे हसले. चरबी रोज कोरीच वर येते, ते फक्त तोमेला दिसत होतं. तो हळूच विचारी, "मामा, आज कसली चव?"

"बोकडाची. गप्प बस."

हे सगळं मला तोमेने सांगितलं. बाबा मात्र शेवटपर्यंत म्हणत राहिले, वाळूच होती म्हणून.

इकडे मी आणि आई रोज धक्क्यावर जाऊन उभ्या राहत होतो. बंदरातल्या बायकांनी आमच्याशी हळू आवाजात बोलायला सुरुवात केली होती.

तिकडे वारा खरंच फिरला. जहाज पोर्तुगालच्या दिशेला लागलं, आणि एका दुपारी तोमेच्या हातातली दोरी मध्येच सैल पडली. गोळा वर आला तो करड्या, दाट चिखलाने माखून. बाबांनी तो तोंडात घातला आणि काही बोलेचनात. डोळ्यांतून नुसतं पाणी.

खलाशांची गाळण उडाली. "तांडेल, काय झालं? तळ गेला का?"

"मामा, अहो सांगा की काहीतरी!"

बाबांनी हात हलवला. "थांबा रे, गिळू तरी द्या."