उत्तरेच्या रेघा

संशोधक बाईंनी समुद्रप्रवाहांचा नवा नकाशा टेबलावर पसरला आणि तो गुंडाळू नये म्हणून कोपऱ्यावर रिकामी कपबशी ठेवली. समोर होड्या बांधणारा म्हातारा सुतार चष्मा पुसत बसला होता. गेल्या वर्षी त्याचा एकुलता एक मुलगा मासेमारीच्या बोटीवरून पाण्यात पडला, तो सापडलाच नाही. शोध कुठे घ्यायचा, हे बाईंच्याच जुन्या नकाशावरून ठरलं होतं.

"यंदा त्याच महिन्यात, त्याच जागी चाळीस यंत्रं सोडली," बाई म्हणाल्या. "ती प्रवाहाबरोबर वाहत जातात. कुठे पोचली, ते उपग्रहाकडून तासातासाला कळतं. हे त्यांचे मार्ग."

सुताराचं बोट निळ्या रेघांवरून सावकाश सरकत गेलं. सगळ्या उत्तरेला वळल्या होत्या.

"आणि आपण दक्षिणेला शोधलं."

"हो. तेव्हा त्या पट्ट्यात माझं एकच यंत्र होतं. तेवढ्यावर मी रेघ ओढली. चूक माझी आहे. नकाशा छापायला देण्याआधी तुम्हाला सांगावं, म्हणून बोलावलं."

सुताराने बोट पुन्हा रेघांच्या टोकाला नेलं.

"उत्तरेला गेलो असतो, तर मिळाला असता?"

"पक्कं नाही सांगता येत. पण लाइफ जॅकेट होतं अंगात. दोन दिवस तरी तग धरला असता."

"मी उत्तरेलाच जाऊ म्हणत होतो. घरी हिनं हट्ट धरला. म्हणाली, शिकलेल्या माणसांचं ऐका, आपलंच घोडं दामटू नका."

त्याची बायको खाली बाकावर बसली होती. गुडघ्यांमुळे तिला जिना चढवत नव्हता. बाई त्याला सोडायला खाली आल्या.

"काय निघालं हो?" तिने विचारलं.

सुतार तिच्या शेजारी टेकला. "काही नाही. दक्षिणेलाच गेला म्हणे. आपण शोधलं तिकडेच."

म्हातारीने बाईंकडे पाहिलं. दशांशाची चूकही खपवून न घेणाऱ्या बाईंनी जिन्याचा कठडा घट्ट धरला.

"हो, काकू."

"बघा! वर्षभर यांच्या जिवाला रुखरुख, उत्तरेला जायला हवं होतं म्हणून. मी किती समजावलं."

"चुकत होतो मी," सुतार म्हणाला, आणि तिला उठवायला त्याने हात पुढे केला.