नवव्या मजल्यावरची पायर

पुण्याजवळच्या नांदे गावातल्या नव्या इमारतींना बाहेरून रंग देणाऱ्या टोळीत देवू हा सगळ्यांत निडर गडी. मुळशी धरणाच्या वरच्या अंगाला त्याची वाडी. बाप आणि आजा कड्यावरून वेलीनं उतरून मध काढायचे, त्यामुळं दोराला बांधलेल्या फळीवर बसून ब्रश फिरवताना त्याला कधी घाम फुटला नव्हता. पण त्या दिवशी मुकादम साहिलनं वर बोट दाखवलं आणि देवूचा चेहराच उतरला.

नवव्या मजल्यावर सांडपाण्याच्या पाइपाच्या जोडातून एक झाड बाहेर आलं होतं. चांगलं हातभर, तजेलदार. मुळ्या पाइपात शिरून पाणी तुंबलं होतं आणि खालच्या घरांच्या भिंती ओलीनं फुगल्या होत्या. सोसायटीवाले पावसाळ्यापासून माणूस शोधत होते. प्लंबर आला, खालूनच बघून म्हणाला, "पिंपळ आहे. मी हात लावणार नाही." आणि गेला.

"देवू, तेवढं तोडून टाक, मग रंगाला लाग," साहिल म्हणाला.

"पिंपळ हाय त्यो. माज्याच्यानं न्हाई व्हायचं."

"तू कधीपासून देवभोळा झालास रे?"

बाकीचे गडी हसले. देवूच्या बायकोला, गंगूला, सातवा महिना लागला होता. पहिलं मूल पोटातच गेलेलं. बायको पोटुशी असताना नवऱ्यानं हिरव्या झाडाला, त्यातून देवाच्या झाडाला, कोयता लावायचा नाही, असं वाडीतल्या म्हाताऱ्यांनी त्याला बजावून ठेवलं होतं. आता हे चारचौघांत सांगायचं कसं? आणि नाही म्हणावं, तर साहिल उद्या दुसरा माणूस बघणार. "बघतो वर जाऊन," एवढं पुटपुटून त्यानं कंबरेला पट्टा आवळला.

गच्चीवरून तो खाली उतरला, तर शेजारच्या स्वयंपाकघराच्या खिडकीच्या जाळीतून एक सुरकुतलेला हात बाहेर आलेला. हातात पातेलं, आणि पातेल्यातलं पांढुरकं पाणी झाडाच्या बुडात पडतंय.

"आजी! तुमी घालताय व्हय ह्याला पाणी?"

म्हातारी दचकली, पण हात काही मागं घेतला नाही. "तांदूळ धुतल्यालं हाय. मोरीत वतून काय करू?"

ही रंभाबाई. इमारत उभी होती ती हिच्याच भातखाचरांवर. जमिनीच्या बदल्यात घर मिळालं होतं. लेक-सून सकाळी कामाला गेली की संध्याकाळपर्यंत ती आणि ही खिडकी. "जरा हिरवं दिसतं डोळ्याला," ती म्हणाली. "काढायला आलास न्हवं?"

"आलोय खरा. पर हात हुईना." आणि जे साहिलला सांगता आलं नव्हतं, ते त्यानं जाळीपलीकडच्या त्या अनोळखी म्हातारीला सांगून टाकलं. गंगूचं, पहिल्या मुलाचं, सगळं.

वारा सुटला होता. फळी भिंतीवर आपटत होती. देवूनं एका हातानं जाळी धरली. रंभाबाईनं झाडाकडं पाहिलं, मग त्याच्याकडं. हात लांब करून बुडातलं एक जुनं, वाऱ्यानं झिजलेलं पान खुडलं.

"पिंपळ कुनी सांगितला तुला? पायर हाय ही, पिंपळासारखंच दिसनारं दुसरं झाड. पिंपळाच्या पानाला ही एवढी शेपटी असती. हिला बग, नुसतं टोक."

"खरं सांगताय आजी?"

"आमच्या बांधावर व्हती की पायर. जलम गेला माजा तिच्याखाली. खोटं बोलून मला काय मिळायचंय? पर तोडू नगं. मुळासकट काढ आन तुज्या वाडीला नेऊन लाव. म्हंजे पाप बी न्हाई आन काय बी न्हाई."

देवूच्या छातीवरचा धोंडा उतरला. त्यानं पाइपाचा जोड खिळखिळा केला, फटीतली माती खरवडली, हळूहळू ओढत राहिला. मुळी निघाली ती वेणीसारखी लांबलचक. रंभाबाईनं जुन्या लुगड्याचा तुकडा भिजवून जाळीतून दिला. त्यात मुळी गुंडाळून झाड पाठीला बांधून तो वर चढला.

संध्याकाळी वाडीत पोचला, तर गंगूनं झाड बघितलं आणि विचारलं, "पिंपळ कुटनं आणला?"

"पायर हाय ती."

"पायर? आवं, ही कवळी पानं बगा शेंड्याची. ही शेपटी काय पायरीची हाय?"

देवू मटकन खाली बसला. शेंड्याकडं त्यानं नीट पाहिलंच नव्हतं. गंगूनं लुगड्याचा तुकडा सोडून मुळी बघितली. मग म्हणाली, "तोडला तर न्हाई न्हवं? मग बसलाय काय? उठा, लावा त्याला." झऱ्याच्या वरच्या बाजूला दोघांनी मिळून तो लावला. पण तिथून पुढं गंगूच्या पोटात जरा कळ आली की देवूला घास जाईनासा व्हायचा. कुणाला त्यानं हे सांगितलं नाही. गंगूला कळलं असावं, कारण कळ आली तरी ती त्याच्यासमोर कण्हत नसे.

गंगू पौडच्या दवाखान्यात बाळंत झाली. मुलगी. दोघी सुखरूप.

उन्हाळ्यात भिंतींची ओल सुकली, तसं पुन्हा नांद्याच्या त्याच इमारतीचं काम निघालं. देवू नवव्या मजल्याशी आला, तसं त्यानं जाळी वाजवली.

"आजी, पिंपळच व्हता की त्यो!"

"व्हय. मला ठावं व्हतं," रंभाबाई म्हणाली. "तू वाऱ्यात लोंबकळत व्हतास, मनात भ्या घिऊन. त्या येळी खरं सांगून तुला पाडू का काय? पोरगी झाली म्हनं?"

"तुमाला कुनी सांगितलं?"

"तुज्या तोंडावरनं दिसतंय. पोरगी का पोरगा, ते आपलं अंदाजानं." ती हसली. "आन झाड?"

"गुरांनी शेंडा खाल्ला. आता बुडातनं फुटतंय."

"फुटतंय न्हवं? कुंपन कर त्याला. करवंदीच्या काट्यांचं कर, गुरं तोंड घालत न्हाईत."

"करतो," देवू म्हणाला, आणि ब्रश रंगात बुडवला.