साहेब दिसला की बंद पडणारी गाडी

रविवारी सकाळी लाकडी खोका आला. त्यात गवत कापायची गाडी होती, पण अजून ती गाडी झालेली नव्हती. चाकं एकीकडे, स्टिअरिंग एकीकडे, खुर्ची प्लॅस्टिकात गुंडाळलेली, बॅटरी वेगळ्या डब्यात, आणि नटबोल्ट कागदी पुड्यांत बांधलेले, लग्नघरी अक्षता बांधाव्यात तसे.

दत्तात्रय परब गुडघ्यांवर हात टेकत खोक्याशी बसला. वेंगुर्ल्याकडचा माणूस, वय चौपन्न. सौदी अरेबियातल्या किंग अब्दुल्ला इकॉनॉमिक सिटीतल्या समुद्रकाठच्या ह्या वसाहतीत तो अकरा वर्षं माळी होता. इथलं गवत त्यानेच लावलेलं. आधी नुसती खारी वाळू होती. तिच्यावर त्याने गवताच्या गुंडाळ्या एकेक करून पसरल्या, घोंगडी पसरावी तशा, आणि रात्रंदिवस पाणी देऊन जगवल्या. गवत कापताना तो मनातल्या मनात म्हणायचा,

खाऱ्या गं वाळूवर हिरवं लुगडं नेसविलं
पाण्यानं भरली ओटी, गवत माझं हासविलं

पण ढकलायच्या जुन्या मशीनमागे चालून त्याचे गुडघे गेले होते. इंजिनिअर सत्यजित साहेबांनी खूप धडपड करून ही बसून चालवायची गाडी मागवली. वसाहतीच्या मुदीरने, म्हणजे मोठ्या मॅनेजरने, एकच अट घातली: गुरुवारी मी स्वतः बघणार. गाडी नीट चालली तर राहील आणि दत्तात्रय तिचा चालक. नाही चालली तर गाडी परत जाईल, आणि मग दत्तात्रयलाही घरीच जावं लागेल, कारण जुनं मशीन आता त्याच्याच्याने ढकलवत नव्हतं.

मॅन्युअल इंग्रजीत आणि अरबीत होतं. दत्तात्रयने चित्रं वाचली. एका चित्रात एक माणूस फिरत्या पात्याखाली हात घालत होता, त्याच्यावर लाल फुली. दुसऱ्यात तोच माणूस उतारावर आडवी गाडी चालवत होता, फुली. तिसऱ्यात तापलेल्या इंजिनात पेट्रोल ओतत होता, फुली.

"ह्या माणसाचा एक दिवस धड जात नाही," दत्तात्रय म्हणाला.

"चचा, वही तो मैं हूँ," मेकॅनिक तौकीर हसला. तो सियालकोटचा, वसाहतीतले पंप आणि जनरेटर बघणारा.

दोघांनी मिळून गाडी उभी केली. आधी चाकं आणि त्यांतली हवा, मग स्टिअरिंग, मग खुर्ची. खुर्चीखालून एक बारीक वायर लोंबत होती, तिचा चिमटा खालच्या चिमट्यात खटकन बसला. ही कशासाठी असेल? खुर्ची गरम करायला असेल, दत्तात्रयला वाटलं. मग वाटलं, ह्या देशात खुर्ची गरम करायला वायर कशाला लागते? पण चित्रात होती, म्हणून लावली. बॅटरीची लाल तार आधी, काळी नंतर. तेलाची काडी पुसून पाहिली. पेट्रोल गार इंजिनात, नरसाळ्याने, एक थेंब न सांडता.

ब्रेक दाबला, पात्यांचा दांडा खाली आहे ना बघितलं, चावी फिरवली. गाडी गुरगुरली. दांडा वर ओढला तशी खाली पाती फिरू लागली, आणि दत्तात्रय बसल्या बसल्या पुढे निघाला. मागे गवताची कापलेली पट्टी उलगडत राहिली, भांग काढल्यासारखी. त्याच्या गुडघ्यांनी कुरकूर केली नाही. अकरा वर्षांत पहिल्यांदा त्याला त्या हिरवळीवरून समुद्र दिसला. चालताना तो नेहमी पायाखाली बघायचा.

तेवढ्यात कडेच्या फरसबंदीवरून सत्यजित साहेब आले. नाशिकचे, पस्तिशीचे, डोक्यावर पांढरं हेल्मेट. हात वर करून म्हणाले, "काय काका, जमतंय?"

दत्तात्रयने पेडलवरचा पाय काढून गाडी थांबवली. "होय साहेब," म्हणाला. आणि इंजिन गप्प.

"काय झालं?"

"काय कळत नाही साहेब. आत्तापर्यंत गोड चालत होती."

साहेब गेले. त्याने चावी फिरवली. गाडी चालू. दोन पट्ट्या कापून होतात तोच साहेब पाण्याच्या बाटल्या घेऊन परत आले. गाडी बंद.

सोमवारी तौकीरने प्लगची तार आधी काढून ठेवली, मग प्लग खोलला, पुसला, परत लावला. हवेची जाळी झाडली. तो स्वतः गाडीपासून लांब उभा राहिला, हातवारे केले, गाणं म्हटलं. गाडी चालत राहिली. सत्यजित साहेब आले, गाडी बंद. साहेब खजुराच्या झाडामागे लपले, गाडी चालू. साहेब बाहेर आले, गाडी बंद.

"माझ्या पत्रिकेत काहीतरी आहे," साहेब म्हणाले. "आमच्या आईला सांगू नका हां काका, ती लगेच ग्रहशांत करायला लावेल."

"तसं नाही साहेब. पेट्रोलमध्ये पाणी असेल."

"मी दिसल्यावर पेट्रोलमध्ये पाणी होतं?"

दत्तात्रयने तरीही झाकण उघडलं. त्याने टाकी रिकामी केली, पुन्हा भरली. पुन्हा तेच. सगळ्यात गोंधळाची गोष्ट अशी, की मंगळवारी दुपारी एकदा गाडी साहेबांसमोर बंद पडलीच नाही. दत्तात्रय तेव्हा काम संपवून गाडी झाडाखाली लावत होता. पाती थांबवलेली, हातब्रेक ओढलेला. साहेब आले, पाच मिनिटं बोलले, दत्तात्रय उतरून त्यांच्याशी उभ्याने बोलला, आणि इंजिन शेजारी निवांत घुमत राहिलं, पोट भरलेल्या मांजरासारखं.

"आता कशी चालली?" साहेबांनी विचारलं.

"आता कशी चालली," दत्तात्रयनेही विचारलं.

संध्याकाळी त्याने बायकोला, प्रमोदिनीला, व्हिडिओ कॉल लावला. "काय सांगू गो, माणसं ओळखते ती गाडी."

"अहो, नजर लागली असेल. लिंबू बांधलंत?"

"इथे कुठे लिंबू बांधू? तौकीर त्याचं सरबत करून पिईल."

प्रमोदिनी हसली. गावात तिचे उखाणे ऐकायला लोक लग्न सोडून येत. फोन ठेवल्यावर दहा मिनिटांनी तिचा व्हॉइस मेसेज आला:

"वाळूच्या देशात गवताची गादी,
लाल घोडी बाई, आहे जरा नादी;
दत्तात्रयराव बसले की धावते तुरुतुरु,
साहेब दिसला की म्हणते, आता नाही होत सुरू!"

दत्तात्रयने ते तीनदा ऐकलं. हसू आलं, आणि गुरुवार आठवला. मधे एकच दिवस उरला होता.

बुधवारी सकाळी सत्यजित साहेब म्हणाले, "आता मी फोनवर शूटिंग करतो आणि जेद्दाच्या दुकानदाराला पाठवतो. त्यालाच बघू दे." साहेब कडेला उभे राहिले. दत्तात्रय पट्टी कापत आला. साहेबांनी हात वर केला. गाडी बंद. असं चार वेळा. चारही शूटिंग जेद्दाला गेली. अर्ध्या तासात उत्तर आलं, इंग्रजीत, एका ओळीचं. साहेबांनी वाचलं, परत वाचलं.

"काका, तो म्हणतो, गाडीत काही बिघाड नाही. चालवणारा खुर्चीवरून उठतोय."

"मी? मी कुठे उठलो?"

"तेच तर. तुम्ही कुठे उठलात?"

"साहेब, देवाशपथ. मी बसून होतो."

तौकीरने तोपर्यंत खुर्ची उलटी करून ती बारीक वायर बोटावर घेतली होती. "चचा, ये देखो. स्विच है. आप बैठे तो चालू. ब्लेड घूम रहा हो और आप उठे, तो खलास."

साहेबांनी फोन पुढे केला. दत्तात्रयने डोळे बारीक करून पाहिलं. लाल गाडीवरून एक माणूस येत होता. गाडी थांबली. आणि तो माणूस उठला. पूर्ण नाही, अर्धाच. खुर्चीपासून वीतभर वर, कमरेत वाकलेला, मान खाली, उजवा हात छातीकडे. पाठोपाठ आवाज बंद. दुसऱ्या शूटिंगमध्ये तसाच. तिसऱ्यात तसाच. चौथ्यात तर गाडी पुरती थांबायच्या आधीच तो उठू लागला होता.

"हा मी?" दत्तात्रयने विचारलं.

तौकीरने खुर्ची सरळ करून परत बसवली.

त्याने असं उठायचं कधी ठरवलं नव्हतं. त्याला कुणी शिकवलंही नव्हतं. त्याचा बाप भाटकारांच्या, म्हणजे जमीनदाराच्या, बागेत राबायचा, आणि भाटकार वाटेवर दिसले की जेवता जेवता हातातला घास खाली ठेवून उठायचा. ते पोराच्या अंगात कधी उतरलं, कुठल्या वर्षी, हे आता कोण सांगणार? सर्दी झाली की शिंक येते, तसं साहेब दिसले की ते येत होतं. शिंकणाऱ्याला निदान कळतं तरी.

"चला, प्रॅक्टिस करू," सत्यजित साहेब म्हणाले. "मी येतो. तुम्ही बसूनच राहायचं. काही मनात आणू नका."

साहेब आले. दत्तात्रयने दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून ठेवलं. गाडी बंद पडली.

"काका!"

"आता मी उठलो?"

"चांगले उठलात."

पुन्हा केलं. पुन्हा उठला. साहेब म्हणाले, मला साहेब समजू नका, पुतण्या समजा. दत्तात्रय पुतण्यासाठीही उठला, कारण पुतण्याने हेल्मेट घातलं होतं. साहेबांनी हेल्मेट काढलं. शेवटी वैतागून तेच खाली गवतात मांडी घालून बसले. "हे बघा, आता मी तुमच्यापेक्षा खाली आहे."

साहेब जमिनीवर आणि आपण खुर्चीवर! दत्तात्रय गाडीवरून उतरलाच.

तौकीर पोट धरून हसत होता. हसू आवरल्यावर त्याने खिशातून बोटभर तार काढली. "दो मिनिट का काम है. ये तार चिमटे में डाल देता हूँ. गाडी समझेगी चचा बैठे ही हैं. फिर उठो, नाचो, कुछ बंद नहीं होगा."

सत्यजित साहेबांनी त्या तारेकडे पाहिलं. जरा जास्तच वेळ पाहिलं. "फक्त उद्यापुरती," ते हळूच म्हणाले. "मुदीर दहा मिनिटं बघणार. मग लगेच काढू. काका, तुमच्यासाठीच म्हणतोय."

दत्तात्रयला कळत होतं, ते त्याच्यासाठीच म्हणत होते. होय साहेब, हे शब्द जिभेवर तयार होते, नेहमीसारखे. पण डोळ्यांसमोर तो शूटिंगमधला माणूस आला, वाकलेला, एक पाय खुर्चीपाशी आणि एक पाय ठेवायच्या फळीच्या कडेला. आणि खाली पाती फिरतायत.

"नाही साहेब," तो म्हणाला.

साहेबाला नाही म्हणण्याची त्याची ही पहिलीच वेळ. शब्द तोंडातून गेल्यावर त्याला वाटलं, दुसराच कुणी बोलला.

"न उठणाऱ्याने तार घातली तर चालेल एक वेळ," तो पुढे म्हणाला. "मी उठणारा आहे. मला कळतसुद्धा नाही मी कधी उठतो. पाय घसरला तर? गाडी बंद पडू दे, पाय राहू दे."

तौकीरने तार खिशात टाकली. हसला नाही. "सही बात है, चचा."

गुरुवारी सकाळी सात वाजता हवा दमट होती. दव वाळेपर्यंत दत्तात्रय थांबला, मग हिरवळ चालून खडे आणि खजुराच्या बिया वेचल्या. मुदीर आला. पांढरा पायघोळ थोब, पायांत चपला, हातात छोटासा कॉफीचा पेला. सत्यजित साहेबांनी त्याला फरसबंदीवर उभं केलं, खडा उडतो म्हणून गवतापासून चांगलं लांब.

दत्तात्रयने पहिली पट्टी मुदीरच्या दिशेने कापली. जवळ येता येता त्याच्या मांड्या जाग्या झाल्या. आता त्याला कळत होतं. वारूळ फुटावं तसं खालून काहीतरी वर येत होतं. त्याने टाचा फळीत रोवल्या, दात आवळले आणि वळला. वळला, म्हणजे मुदीरकडे पाठ झाली. मोठ्या माणसाकडे पाठ! अंगावर काटा आला. गाडी चालूच होती.

दुसरी पट्टी, पुन्हा समोर. पुन्हा पाठ. गवत हे असंच कापतात, जायचं आणि यायचं, दुसरा मार्ग नाही. उतारावर तो सरळ खाली गेला, सरळ वर आला. मागे यायच्या आधी मान वळवून पाहिलं. सहाव्या पट्टीला त्याच्या मानेवरून घामाची धार लागली, आणि मुदीर सत्यजित साहेबांना काहीतरी म्हणाला. काय म्हणाला असेल? माणूस उद्धट आहे म्हणाला असेल? ही माझी हिरवळ, आणि हा बसून हिंडतोय?

शेवटची पट्टी संपली. मुदीरने हाताने बोलावलं.

दत्तात्रयने पात्यांचा दांडा खाली केला. पाती फिरायची पूर्ण थांबेपर्यंत कान दिले. हातब्रेक ओढला. चावी फिरवून काढली आणि मुठीत धरली. आता उठायला काही हरकत नव्हती. आता उठणंच बरोबर होतं. तो उठायला गेला आणि पाय उठेनात. इतका वेळ आवळून धरलेल्या मांड्यांचे दगड झाले होते, गुडघे जागच्या जागी अडकले होते. त्याने स्टिअरिंगला रेटा दिला. काही नाही. तोंड कसनुसं करून तो तिथेच बसून राहिला, आणि मुदीर गवत तुडवत त्याच्याकडे येऊ लागला.

"साहेब," तो घाईघाईने सत्यजितना म्हणाला, "त्यांना सांगा, मी मुद्दाम बसलो नाही. पाय धरलेत."

सत्यजितनी अरबी-इंग्रजीत काहीतरी सांगितलं. मुदीर थांबला. दत्तात्रयच्या गुडघ्यांकडे पाहिलं, कापलेल्या सरळ पट्ट्यांकडे पाहिलं.

"इजलिस, इजलिस," तो म्हणाला, आणि हाताने खाली, बस बस, अशी खूण केली. मग साहेबांकडे वळून म्हणाला, "तमाम. हीच गाडी, हाच माणूस."

सत्यजितनी ते मराठीत सांगितलं: उत्तम, गाडीही राहणार आणि तुम्हीही. दत्तात्रयने ऐकलं, पण त्याचं लक्ष दुसरीकडे होतं. मुदीरने उजवा हात पुढे केला होता. उभ्या माणसाने बसलेल्या माणसापुढे केलेला हात. अशा वेळी काय करतात? मान वाकवायची की नाही? वर बघायचं की खाली? दत्तात्रयने चावी डाव्या मुठीत घेतली आणि तो हात धरला. मुदीरने तो दाबला, दोनदा हलवला. दत्तात्रय बसलेलाच होता. हे चांगलं झालं की वाईट, हे त्याला कळेना. आणि चावी धरलेल्या डाव्या हाताचं काय करायचं, हेही शेवटपर्यंत कळलं नाही. तो तसाच स्टिअरिंगवर राहिला.