माझ्या पोटातला केक

मी एक जुना फ्रिज आहे आणि मित्रांनो, मी भयंकर चिडलेलो आहे.

कारखान्यातून आलो तेव्हा माझा काय थाट होता! मेंदूच्या आजारांच्या वॉर्डात मला बसवलं, तेव्हा मोठे डॉक्टर म्हणाले होते, "याला जपा रे, यात लोकांचे जीव ठेवायचेत." सगळे माझं दार हलक्या हाताने लावत. हल्ली लाथेने लावतात. औषधांच्या जागी जेवणाचे डबे कोंबतात!

मागच्या आठवड्यात पिटूचं औषध आलं. पिटू म्हणजे खिडकीजवळच्या खाटेवरची मुलगी. तिच्या मेंदूत बुरशी शिरली आहे. असा आजार क्वचितच होतो, म्हणून औषध इथे मिळेना. तिच्या रंगारी बाबांनी वणवण करून ते दुसऱ्या शहरातून आणलं. ते गार ठेवायचं, पण गोठू द्यायचं नाही; गोठलं की फुकट गेलं.

त्याच संध्याकाळी एका डॉक्टरांचा वाढदिवस निघाला. केक माझ्यात मावेना. एका नव्या सिस्टरने पिटूच्या औषधाच्या बाटल्या उचलल्या आणि वरच्या बर्फाच्या कप्प्यात सारल्या. "गारच ठेवायचंय ना? मग हे तर अजून गार!" अगं बाई, डोकं कुठे गहाण ठेवलंस? मी घरघरलो, थरथरलो, जमिनीवर पाणी सोडलं. "हा खटारा बदलायला हवा," म्हणत त्यांनी केक कापला.

सकाळी मोठ्या सिस्टरनी गोठलेल्या बाटल्या पाहून कपाळाला हात लावला. बाबा ओरडले नाहीत. ओरडायला हवं होतं, वॉर्ड डोक्यावर घ्यायला हवा होता! ते औषध आणायला पुन्हा त्या शहराच्या गाडीत बसले. ते परत येईपर्यंत पिटूला डाव्या डोळ्याने दिसेनासं झालं होतं.

"द्या काका, फ्रिजमध्ये ठेवते," मोठ्या सिस्टर म्हणाल्या.

"नको ताई. राहू द्या माझ्याजवळ."

आता ते लेकीच्या खाटेशी थर्माकोलची पेटी मांडीवर घेऊन बसतात. बर्फ बाहेरून विकत आणतात. औषधाला तो टेकू नये म्हणून मध्ये टॉवेलची घडी घालतात.

मित्रांनो, दुसऱ्याची वस्तू हलवण्याआधी तोंड उघडून विचारा, ही कुणाची, कशासाठी? त्याला पैसे पडत नाहीत. मी अजून चालू आहे, हवा तेवढा गार आहे. पण त्या बापाचा माझ्यावर भरवसा उरलेला नाही.