दोष माझ्यातच निघू दे

"आई, बस गं एका जागी. पायाला भिंगरी लागलीय का तुझ्या?"

लेकीनं दवाखान्यातल्या बाकावर हात धरून बसवलं, तशा काजवाल्या मावशी बसल्या आणि पुन्हा उठल्या. आयुष्यभर शिंप्यांना शर्टांची काजं करून दिलेली. बोटं रिकामी राहिली की त्यांना चैन पडत नसे. आज तर जीवच टांगणीला लागला होता.

मावशींचे यजमान ज्या दुखण्यानं गेले, तेच आता लेकीला निघालं होतं. स्वादुपिंडाला सूज. जनुकांची तपासणी झाल्यावर डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, "हा दोष जन्माचा आहे. आईकडून आला की वडिलांकडून, ते कळलं तर त्या बाजूच्या नातेवाइकांना सावध करता येईल." वडील नव्हते, म्हणून मावशींचं रक्त घेतलं.

"दारूशिवाय होतं हे?" मावशींनी विचारलं होतं.

"थेंबही न घेता होतं, आजी."

तेव्हापासून त्यांना अन्न गोड लागत नव्हतं. यजमान गॅरेजमधून आले की त्या दारातच अडवत. "हा करा." ते मुकाट्यानं तोंड उघडत. वास कधीच आला नाही. "वास न येणारी घेत असाल." पोट धरून ते गडाबडा लोळत, तेव्हाही, "भोगा आता केलेलं." "देवाशपथ, नाही गं घेत." पुढे पुढे ते एवढंही म्हणेनासे झाले.

दोष त्यांच्याकडचा निघाला, तर तो माणूस शेवटपर्यंत खरंच बोलत होता. 'देवा,' मावशी पुटपुटल्या, 'माझ्यातच निघू दे.'

आतून हाक आली. दोघी डॉक्टरीणबाईंसमोर जाऊन बसल्या.

"आजी, खूशखबर! तुमच्यात काही नाही. म्हणजे आजोबांकडूनच आलंय. त्यांचा त्रासही अगदी असाच होता ना?"

"सुटलीस बाई!" लेक म्हणाली.

मावशी बसूनच राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "परत एकदा बघता का?"

"अहो, चांगलं आलंय! यासाठी लोक देव पाण्यात घालून बसतात."

"पास झालीस तरी रडतेस होय गं?" लेक हसली, मग तिनं आईकडे नीट पाहिलं आणि तिचं हसू मावळलं.

"चुकलंही असेल," मावशी म्हणाल्या. "माणसाच्या हातून चुकतं."

त्यांनी बाही कोपरापर्यंत वर सारली आणि हात टेबलावर ठेवला. सुरकुतलेला तो हात, निळी शीर वर करून, तसाच उताणा पडून राहिला.