चौथा दिवा

एवाल्डचा फोन रोज दुपारी अडीचला यायचा. अडीच म्हणजे ठोक्याला अडीच. कचेरीत त्याची घंटी वाजली की समोरच्या चर्चचा पाद्री आपलं घड्याळ लावून घ्यायचा. एका वर्षी एवाल्डला ऐन वेळी शिंक आली आणि फोन अर्धा मिनिट लांबला, तर त्या वर्षी वसंतही अर्धा मिनिट उशिरा आला. गावात कुणालाही विचारा.

एवाल्ड राहायचा खाडीच्या मधोमध, चार उड्यांत संपेल एवढ्या खडकावर, एकटा. हिवाळ्यात खाडी गोठली की किनाऱ्यापासून स्टूरहोल्म बेटापर्यंत बर्फावरून गाड्यांचा रस्ता आखत, तो एवाल्डच्या खिडकीखालून जायचा. त्या रस्त्यावर नजर ठेवणं हे एवाल्डचं काम. अडीचला तो बर्फरस्त्याच्या कचेरीत फोन करून दोन शब्द बोलायचा, "बर्फ धरतोय," म्हणजे गाड्या पेलतोय, आणि ठेवून द्यायचा. हिल्डुर वहीत बरोबरची खूण करायची. बावीस हिवाळे हे असंच चाललं होतं.

आज तीनला वीस कमी होते आणि वहीत खूण नव्हती.

हिल्डुरने खिडकीबाहेर पाहिलं. मार्च सरत आलेला, ऊन असं की कौलांवरून पाणी ठिबकत होतं. आणि आज गुरुवार. गुरुवारी तिचा नवरा सिक्स्टेन फिरत्या वाचनालयाची, पुस्तकांची गाडी घेऊन बेटावर जायचा. गाडीत तीन हजार पुस्तकं, आणि सिक्स्टेन स्वतःही काही हलका नव्हता. पावणेतीनला तो बेटावरून निघणार, तीनच्या सुमारास एवाल्डच्या खिडकीखालून जाणार, आणि मग किनाऱ्यापर्यंत उरलेली अर्धी खाडी.

"टुरे," ती म्हणाली, "एवाल्डचा फोन आला नाही."

टुरे कचेरीचा अध्यक्ष. पण त्या मुलखात राजा सोडून सगळ्यांना अरे-तुरेच, म्हणून हिल्डुर त्याला तूच म्हणायची. टुरेने वेलदोड्याचा पाव कॉफीत बुडवला. "येईल. रांगेत असेल."

ही रांग आजच्या दुपारचीच होती. कचेरीचा जुना एकुलता एक फोन म्हातारा झाला, म्हणून गावच्या सभेने फोनच्या चार ओळी, म्हणजे चार लाइनी, मंजूर केल्या होत्या. त्या चार ओळींवर कुठला फोन बसवायचा हे ठरेना, तेव्हा दक्षिणेकडून आलेला विक्रेता दोन यंत्रं ठेवून गेला. दोन्ही त्याच चार ओळींना जोडलेली. वापरून बघा आणि संध्याकाळी कळवा.

डावीकडे होता चार बटणांचा फोन. प्रत्येक बटणात एक दिवा. ओळीवर कुणी आलं की दिवा लागतो, बटण दाबलं की त्याच्याशी बोलता येतं. उजवीकडे होती करड्या रंगाची पेटी. ती स्वतःच फोन उचलायची आणि एका गोड बाईच्या आवाजात सांगायची, "आपला क्रमांक चौथा आहे. फोन ठेवल्यास क्रमांक जाईल." मग एकेकाला क्रमाने हिल्डुरच्या कानाशी सोडायची. सकाळी डावा, दुपारी उजवा, असं टुरेने ठरवलं होतं. पण दुपारीही डाव्या फोनचे दिवे लागत होतेच, आणि ते चारही लागलेले होते.

टुरे पेटीच्या प्रेमात पडला होता. पडणारच. त्याच्या घराण्याला रांगेचं वेड. त्याच्या वडिलांच्या हातात म्हणे मरतानाही दुकानाच्या रांगेतली चिठ्ठी होती, क्रमांक एक्याऐंशी, आणि ऐंशीवाला आला नाही म्हणून म्हातारा चार वर्षं जास्त जगला.

"हिल्डुर, तू आहेस का अजून?" कानातून ओस्टा म्हणाली. ओस्टाला बहिणीकडे बेटावर सोफा न्यायचा होता. "दोन माणसांचा आहे. पण तिघं बसतात."

"ओस्टा, उद्या फोन कर."

"उद्या?" मग त्या मुलखातली ती शांतता, जिच्यात माणूस अंगणातून सरपण आणून परत येऊ शकतो. "उद्या मी केस कापायला जाणार आहे."

हिल्डुरने तिचा फोन तोडला. आयुष्यात पहिल्यांदा तिने कुणाचा फोन असा तोडला असेल. आता मोकळ्या झालेल्या ओळीवरून बेटावरच्या दुकानात फोन करावा, सिक्स्टेनला थांबव म्हणावं. पण तिने आकडा फिरवायला बोट उचललं तोच पहिला दिवा पुन्हा लागला. बाहेर कुणी तरी टपलेलाच होता. आणि पेटीने दुसऱ्या ओळीवरचा माणूस तिच्या कानाशी आणून उभा केला.

"हं," तो माणूस म्हणाला. आणि गप्प झाला.

तीनला बारा कमी.

हिल्डुरची नजर चौथ्या दिव्यावर गेली. तो कधी लागला? ती आठवू लागली. तो लागला तेव्हा समोर पाद्री रोजच्या अडीचला चर्चच्या घड्याळाला किल्ली द्यायला जिना चढत होता. अडीच! चौथा दिवा ठोक्याला अडीचला लागला होता आणि तेव्हापासून विझलाच नव्हता. दोन शब्दांचा माणूस अठरा मिनिटं फोन धरून बसला होता.

"बर्फ धरतोय" एवढं सांगायला कुणी अठरा मिनिटं थांबत नाही.

"टुरे, चौथ्या ओळीवर एवाल्ड आहे. मी बटण दाबते."

"अंहं." टुरेने कप खाली ठेवला. "दुपारी पेटी. ठरलंय."

"सिक्स्टेन बर्फावर आहे!"

"म्हणजे नवऱ्यासाठी वशिला? हिल्डुर, तू चीजच्या दुकानात चिठ्ठी न घेता पुढे घुसतेस?"

"नाही."

"औषधाच्या?"

"नाही रे!"

"मग? त्याच्या आधी दोघं आहेत. त्यांचीही काही अडचण असेल."

"माझी काही अडचण नाही," कानातला माणूस म्हणाला. "मी नुसतं नवीन फोन कसा वाटतो ते बघायला केला."

हिल्डुरने बोट बटणावर ठेवलं, आणि काय सांगावं, बोट दबेना. बाहेरच्या माणसाला हे हसू येईल. पण ती त्या मुलखात जन्मलेली. पाळण्यात असतानाही तिने दुधासाठी आधी शेजारच्या पाळण्याकडे पाहून घेतलं होतं. पंचावन्न वर्षांत तिने एकाही माणसाची पाळी मारली नव्हती. चौथा दिवा बोटाखाली लाल जळत होता, आणि तिला दिसत होता सिक्स्टेन: बर्फावरच्या नियमाप्रमाणे पट्टा सोडलेला, काच खाली केलेली, म्हणजे पाण्यात गेलंच तर बाहेर पडता यावं. पाठीमागे तीन हजार पुस्तकं. काच उघडी असून काय होणार होतं?

तीनला सहा कमी झाले तेव्हा कुठे तिने डोळे मिटले आणि बटण दाबलं.

"एवाल्ड?"

वारा. जुन्या घड्याळाची टिकटिक. मग एवाल्डचा आवाज, जरा दुखावलेला. "माझा क्रमांक तिसरा आहे अजून."

"एवाल्ड, बर्फ फुटलाय का?"

त्या उत्तरेकडच्या माणसांना 'हो' म्हणायला शब्द लागत नाही. ओठांचा चंबू करायचा आणि श्वास आत ओढायचा, झालं. हिल्डुरच्या कानात तो श्वास शिरला, शूप्, आणि तिला वाटलं, आपल्याच अंगातली ऊब कुणी ओढून नेली.

"कुठे?"

"माझ्या आणि तुमच्या मध्ये. चर्चएवढं भोक. वाफा निघतायत."

"आणि गाडी? पुस्तकांची गाडी दिसते का?"

पुन्हा तो श्वास. "येतेय. पिवळी. पाच मिनिटांत खिडकीखाली येईल."

"अरे मग तू बाहेर का नाही गेलास? थांबव ना त्याला!"

"फोन ठेवला तर क्रमांक जाईल म्हणाली ती बाई," एवाल्ड म्हणाला. "मी चौथ्यावरून तिसऱ्यावर आलो होतो."

टुरेच्या हातातून पाव कॉफीत बुडाला तो वर आलाच नाही.

"एवाल्ड, ऐक. धाव. हात हलवून थांबणार नाही तो, त्याला वाटेल तू राम राम करतोयस. हातात पुस्तक धर! पुस्तक धरून कुणीही उभं असलं की थांबायचंच, हा त्याचा नियम आहे. तुझ्याकडे त्याच्या गाडीतलं एखादं पुस्तक आहे ना?"

एवढी लांब शांतता तिने जन्मात ऐकली नव्हती.

"एवाल्ड!"

"आहे एक," तो हळूच म्हणाला. "अकरा वर्षांपूर्वी घेतलेलं, परत न केलेलं. कोंबड्या पाळण्यावरचं. तेव्हापासून मी गुरुवारी पडदा ओढून बसतो."

"सिक्स्टेन काही बोलणार नाही! मी सांगते, काही म्हणजे काही बोलणार नाही! आणि फोन ठेवू नकोस, बाजूला टाक आणि पळ!"

रिसीव्हर लाकडावर आपटला. खुर्ची पडली. दार उघडलं आणि मग नुसता वारा.

हिल्डुर आणि टुरे दोघं एकाच रिसीव्हरला कान लावून उभे राहिले. टिकटिक, टिकटिक. पेटी मधूनच गोड आवाजात म्हणाली, "आपला क्रमांक दुसरा आहे." टुरेने वळून तिच्यावर आपला कोट टाकला. कोटाखालूनही ती म्हणालीच, "फोन ठेवू नये."

घड्याळात तीन वाजले. ते एवाल्डच्या घरातले तीन होते की चर्चमधले, हिल्डुरला कळलं नाही. मग दुरून इंजिनाची घरघर आली. मोठी झाली. अजून मोठी झाली. सिक्स्टेन गाडी कशी चालवतो ते तिला पाठ होतं. थांबायचं असेल तर तो आधी गिअर उतरवतो आणि गाडी खोकते. गाडी खोकली नाही. घरघर खिडकीखाली आली आणि पुढे गेली.

"गेला," टुरे म्हणाला.

"गप्प बस."

आणि तेव्हा तो आवाज आला. ज्यांनी बर्फ फुटताना ऐकलाय त्यांना सांगायला नको. आधी जाडजूड तार तुटावी तसा, मग पोटातून आल्यासारखा. खाडी विव्हळली. टेबलावरचे कप किणकिणले, आणि इथे, किनाऱ्यावर, हिल्डुरच्या पायाखालची जमीन हलली. घरघर थांबली होती. वाराही थांबला होता. टिकटिक तेवढी चालू.

हिल्डुर मोजत होती. काय मोजत होती ते तिलाही माहीत नव्हतं. अठ्ठ्याऐंशीला दार वाजलं. पावलं आली. एका माणसाची.

एकाच माणसाची.

कुणी तरी रिसीव्हर उचलला. दम लागलेला श्वास.

"एवाल्ड? थांबला का तो?"

टिकटिक.

"एवाल्ड, सिक्स्टेन थांबला का?"

शूप्.

हिल्डुर खाली बसली, जिथे होती तिथेच, जमिनीवर. फोनची दोरी ताणली गेली.

"पुढे गेला होता," एवाल्ड म्हणाला. त्याच्या आयुष्यातलं सगळ्यात लांब भाषण सुरू झालं होतं. "मागे पळत गेलो. आरशात त्याला पुस्तक दिसलं. गाडी उभी आहे. पुढे चारेक हात बर्फ राहिलाय. सिक्स्टेन पायऱ्यांवर बूट झाडतोय, आत येतोय. त्याला कॉफी देऊ का?"

"दे," हिल्डुर म्हणाली. "दोन दे."

"आणि पुस्तकाचं विचारलं त्याने."

"काय म्हणाला?"

"कोंबड्या कशा आहेत म्हणाला."

बऱ्याच वेळाने टुरेने कोट उचलून अंगात घातला, पेटीची तार भिंतीतून उपटली आणि तिच्याभोवती गुंडाळली. मग तो डाव्या फोनसमोर उभा राहिला. तीन दिवे अजून लागलेले होते. तीन माणसं मुकाट्याने आपली पाळी धरून बसली होती, आणि आता त्यांना पाळी सांगणारंही कुणी उरलं नव्हतं.

"त्यांना सांग," टुरे म्हणाला, "की रस्ता बंद आहे. कुणालाही आधी सांग."

"मग हाच ठेवायचा ना? चार दिव्यांचा?" हिल्डुरने विचारलं.

टुरेने ओठांचा चंबू केला आणि श्वास आत ओढला. इतका जोरात की खिडकीचा पडदा दांडीवरून सुटून त्याच्या तोंडाला चिकटला, आणि समोरच्या चर्चचं दार आपोआप उघडलं.